नऊशे चोपन्न मीटर

रविवारी सकाळी दादासाहेबांच्या बांधावर एक खुंटी उगवली होती.

हातभर लांब, डोक्याला लाल ऑइलपेंट, गळ्यात लाल चिंधी आणि अंगावर पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं, '९५४ मी.' त्याखाली एक बाण. शनिवारचा अख्खा दिवस दादासाहेब पिरंगुटला फरशा बघत हिंडले होते, त्यामुळे ती कुणी रोवली, कधी रोवली, काही पत्ता नाही. त्यांनी बाणाच्या दिशेने मान वळवली आणि तोंडातला ब्रश तोंडातच थांबला. बाण नेमका त्यांच्या नव्या घराकडे रोखलेला होता.

नवं घर म्हणजे अजून नुसत्या भिंती आणि वर सेंट्रिंग. पण तेवढं उभं राहायलाही बारा वर्षं लागली होती. बारा वर्षांपूर्वी दादासाहेबांनी रस्त्याकडेला आठ खोल्या बांधल्या आणि हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. आठही खोल्यांना पक्का स्लॅब, आणि मालक-मालकीण मागे पत्र्याखाली. उन्हाळ्यात भाडेकरू पंखा लावून झोपायचे आणि मालकीणबाई पत्र्यावर पाण्याच्या बादल्या ओतायच्या. "औंदा आपलं घर," असं दादासाहेब दर पाडव्याला म्हणायचे आणि सारजाबाई दर पाडव्याला "व्हय" म्हणायच्या. यंदा मात्र खरंच भिंती चढल्या, सळई बांधून झाली आणि येत्या गुरुवारी सकाळी सातला स्लॅब पडायचा होता. कुठल्या कोपऱ्यात कुरडया वाळत घालायच्या, तेसुद्धा सारजाबाईंनी ठरवून टाकलं होतं.

आता एका खुंटीला माणूस एवढा का घाबरला, असं शहरातला कुणी विचारील. मुळशीतला विचारणार नाही. इकडे ज्याच्या रानात अनोळखी खुंटी उभी राहते, त्याच्या रानात पुढे काहीतरी येतंच. बिल्डर आला तर तो निदान चहा पाजून विचारतो. रस्ता विचारत नाही, सरळ येतो. आणि वाडीत वर्षभर मोठ्या रस्त्याची कुजबुज चाललेलीच होती.

दादासाहेब तसेच चिखलाच्या पायांनी बाणाच्या रोखाने निघाले. घर ओलांडलं, आणि पुढे पिठाच्या गिरणीपाशी दुसरी खुंटी सापडली. तिच्यावर '५२० मी.', बाण त्याच दिशेला. परत येताना मेंढरांमागे चाललेला जोतिबा भेटला. त्याने विचारायच्या आधीच सांगितलं, की त्याच्या वाड्यापल्याड माळावर पण अशीच एक हाय, एक हजार नऊशे कायतरी. झालं. तीन खुंट्या म्हणजे रेघ, रेघ म्हणजे रस्ता, आणि रेघेच्या पोटात सारजाबाईंचं घर.

तरी मनाची खात्री करावी म्हणून ते जयसिंगकडे गेले. जयसिंग हा जमिनीचा एजंट. त्याच्याकडे दोन मोबाइल आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर. "मला माहीत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

"दादा, नकाशा मी सोता बघितलाय," जयसिंग आवाज खाली आणून म्हणाला. "तुमचं घर बरुबर मधल्या डिव्हायडरात येतंय. बुधवारी अकराला मोजणी हाय. हार्डवेअरच्या दुकानात पन्नास मीटरचा टेप सांगून ठेवलाय, मी सोता ऐकलं."

डिव्हायडर हा शब्द दादासाहेबांच्या काळजात रुतला. रस्त्याखाली गेलं असतं तर एक वेळ ठीक. पण मधोमध, त्यावर कण्हेरीची झाडं, हे त्यांना सहन होईना.

खरं तर सरळ मार्ग होता. नरहरी ठेकेदाराला सांगायचं, स्लॅब थांबव. दादासाहेब त्याच्याकडे गेले, चहा प्यायले, सिमेंटच्या भावावर बोलले आणि परत आले. दुपारी पुन्हा गेले, पुन्हा चहा. संध्याकाळी तिसरा. स्लॅब थांबवला तर सारजाबाई कारण विचारणार, आणि ते कारण त्यांना सांगायची दादासाहेबांची छाती होईना. बारा वर्षं जी बाई नुसती "व्हय" म्हणाली, तिला आता "न्हाई" कसं सांगायचं?

तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग काढला. तिन्हीसांजेला बांधावर गेले, इकडेतिकडे पाहिलं, खुंटी उपटली आणि पन्नास पावलं पलीकडे, चुलतभाऊ बहिरूच्या रानात नेऊन रोवली. बाणसुद्धा जरा वळवला. रस्ता पन्नास पावलं सरकला आणि दादासाहेबांनी मोकळा श्वास घेतला.

सोमवारी सकाळी खुंटी परत त्यांच्या बांधावर होती. त्याच भोकात, बाण घराकडे.

दादासाहेब चक्रावले. ज्या सरकारला त्यांच्या सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला चार वर्षं लागली, ते रातोरात खुंटी जागेवर आणून लावतंय? त्यांनी वाकून नीट पाहिलं. खुंटीच्या डोक्यावर तेलाचा ओघळ होता. मोजणीच्या मशीनचं तेल असणार, त्यांनी ताडलं, आणि त्यांची उरलीसुरली आशाही ढासळली. सोमवारी संध्याकाळी त्यांनी ती पुन्हा हलवली. मंगळवारी सकाळी ती पुन्हा हजर, आणि तेलाचा ओघळ ताजा.

त्यात मंगळवारी दुपारी बहिरू तणतणत आला. बहिरूचं दुखणं उलटंच होतं. त्याला रस्ता हवा होता. रस्त्याला लागून हॉटेल टाकायचं हे त्याचं जुनं स्वप्न, आणि दोन संध्याकाळी स्वतःच्या रानात खुंटी बघून तो हरखला होता. सकाळी बघावं तर खुंटी दादांच्या बांधावर.

"दादा, रस्ता एकट्यानं खाऊ नका," तो म्हणाला. "माझी खुंटी तुमच्याकडं कशी येती? अन् वयनी दोन दिस माझ्याशी बोलना, तोंड फिरवती. माझं चुकलं काय?"

सारजाबाईंचं तोंड का फिरलं ते दादासाहेबांनाही ठाऊक नव्हतं. पण बहिरूला रस्ता हवाय हे ऐकून त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. ज्या भावाशी बांधावरून अकरा वर्षं धड बोलणं नव्हतं, त्याला त्यांनी सगळा रस्ता, फूटपाथासकट, देऊन टाकला. फक्त सारजेला कळू देऊ नको, एवढी एकच अट. दोघांनी मिळून संध्याकाळी खुंटी बहिरूच्या रानात नेली, वरून घणाचे आठ घाव घातले आणि भोवती दगड ठासले. अकरा वर्षांत दोघा भावांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम. झाल्यावर बहिरूने दादांना तंबाखू मळून दिली.

बुधवारी सकाळी खुंटी दादासाहेबांच्या बांधावर होती. दगडही सोबत आले होते आणि भोवती नीट रचलेले होते.

आता दोघंही घाबरले. सरकारशी दोन हात करायची वेळ आली आहे असं त्यांनी ठरवलं आणि साडेदहापासून खुंटीजवळ ठाण मांडून बसले. थोड्या वेळाने जयसिंगही आला. लढायला नाही, साहेबांशी ओळख काढायला. सारजाबाई पत्र्याच्या खोलीत भाकऱ्या थापत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून घोषणा हळू आवाजात द्यायच्या, असं ठरलं.

बरोबर अकराच्या सुमाराला दादासाहेबांच्या नव्या घराच्या मागच्या दारातून, म्हणजे जिथे स्वयंपाकघर व्हायचं होतं तिथून, पिवळ्या टेपचं टोक बाहेर आलं. टेप पुढच्या दारातून शिरून सेंट्रिंगच्या टेकूंमधून सरळ आरपार आला होता. दादासाहेबांनी डोळे मिटून घेतले. घरातून रस्ता गेला, त्यांच्या डोळ्यांदेखत.

डोळे उघडले तेव्हा टेपच्या मागे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या उज्वला मॅडम उभ्या होत्या. घराला वळसा घालून बावीस पोरं धावत आली. एका पोरीच्या हातात मोसंबीएवढा पिवळा गोळा होता आणि त्याला पुठ्ठ्याचं कडं.

"एकोणीस वेळा टेप आणि वर चार मीटर," मॅडम वहीत लिहीत म्हणाल्या. "बरोबर नऊशे चोपन्न. काका, तुम्हीही आलात? काकूंनी सांगितलं वाटतं."

"मॅडम," दादासाहेबांचा आवाज चिरकला, "ह्यो रस्ता किती फुटी हाय?"

"रस्ता नाही काका. हा शनी आहे."

मग मॅडमनी समजावून सांगितलं. शाळेच्या भिंतीवर मीटरभराचा पिवळा सूर्य रंगवलाय. त्या मापाने पृथ्वी म्हणजे हरभऱ्याचा दाणा, आणि ती शंभर मीटरवर, शाळेच्या फाटकाशी. गुरू गिरणीपाशी. शनी इथे. पुढचा युरेनस जोतिबाच्या वाड्यापल्याड, आणि नेपच्यून पार तीन किलोमीटरवर, कासारसाईच्या वाटेला. पुस्तकात सगळे ग्रह एका पानावर दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे पोरांना अंतर कळत नाही. चालून पाय दुखले की कळतं. खुंट्यांवर नावं मुद्दामच लिहिली नव्हती, कारण कुठली कुणाची हे पोरांनी मोजून ओळखायचं होतं. आणि बाण सगळे सूर्याकडे.

म्हणजे बाण घराकडे नव्हताच. घर मध्ये आलं होतं, एवढंच. दादासाहेबांच्या अंगातलं चार दिवसांचं ओझं असं काही उतरलं, की ते खुंटीशेजारी मटकन खाली बसले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. बहिरूचं हॉटेल मात्र डोळ्यांदेखत बसलं. त्याने जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगने एक मोबाइल कानाला लावला आणि आपण पुढच्या टप्प्याबद्दल बोलत होतो, असं सांगून तो निघून गेला.

एवढ्यात पिठाचे हात पदराला पुसत सारजाबाई आल्या. त्यांनी आधी बहिरूकडे रोखून पाहिलं.

"मॅडम, तुमच्या देखत इचारते," त्या म्हणाल्या. "शनवारी तुमी मला सांगून गेला, काकू, ही खुंटी संबाळा. तवापास्नं रोज सकाळी ही भावजींच्या रानात सापडती अन् रोज मी हितं आणून लावती. आज तर पहारीनं उकरून काढली. पोरांच्या शाळेचं वाकडं करून तुमाला काय मिळतंय वो, भावजी?"

बहिरूने दादांकडे पाहिलं. वहिनींना कळू द्यायचं नाही, ही दादांची अट होती. पण आता कळू द्यायचं की नाही, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसेना. तो नुसता उभा राहिला, शिव्या खायच्या तयारीने. ते बघून दादासाहेबांना राहवलं नाही.

"त्यो न्हाई. मी," ते खाली बघत म्हणाले, आणि मग रस्ता, जयसिंग, डिव्हायडर, नरहरीकडचे तीन चहा, सगळं एका दमात ओकून मोकळे झाले.

सारजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अन् मी मातर तुमच्यापास्नं शनी लपवत हुते. म्हटलं, घरामागं शनी आलाय कळलं, की ह्यो माणूस स्लॅब फुडल्या सालावं टाकणार. रोज वाइच गोडंतेल बी घालत हुते त्याला, गप ऱ्हा म्हणून."

बावीस पोरं खदखदून हसली. मॅडमनी त्यांना दटावायला तोंड उघडलं आणि त्यांनाच हसू आवरेना.

दादासाहेब खरोखरच शनीला भिणारे. शनिवारी नवीन चप्पलसुद्धा घालत नसत. त्यांनी त्या पिवळ्या गोळ्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं. पोरीने तो खुंटीवर खिळ्याला अडकवला, तो वाऱ्यावर जरासा हलला.

"असू दे," ते म्हणाले. "घर तर पाडत न्हाई ना ह्यो."

तेवढ्यात मोटरसायकल फटफटत नरहरी ठेकेदार आला. त्याला एका दिवसात तीनदा येऊन, सिमेंटशिवाय काहीही न बोलता गेलेल्या गिऱ्हाइकाची धास्ती पडली होती. त्याने लांबूनच विचारलं, उद्याचा स्लॅब नक्की ना, मिक्सर सांगायचाय.

"सातला," दादासाहेब म्हणाले.

"साडेसहाला या," सारजाबाई म्हणाल्या.

नरहरी गेला. पोरं युरेनस गाठायला माळाच्या दिशेने निघाली, मॅडम टेप गुंडाळत मागून. बहिरूला सारजाबाईंनी उद्याच्या जेवणाला घरच्यांसकट यायला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि जाता जाता खुंटीभोवतीचे दगड पुन्हा नीट ठासून दिले.

बांधावर दोघंच उरली. सारजाबाई कंबरेवर हात ठेवून घराकडे बघत राहिल्या.

"खरंच रस्ता असता," त्या म्हणाल्या, "तर मला कवा सांगणार हुता?"

दादासाहेबांनी खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "स्लॅब पडल्यावं. म्हटलं, एक रात तरी तुला स्लॅबखाली निजू दे. मंग सांगू." मग त्यांनी चाचरत विचारलं, "अन् तू शनीचं कवा सांगणार हुतीस?"

"मी?" सारजाबाई म्हणाल्या. "मी कशाला सांगतीया?"

आणि भाकरी करपत असेल म्हणून त्या लगबगीने आत गेल्या.