गुंडप्पांसमोर न गाणारे बळीनाना

आमच्या शेजारच्या बळीनानांच्या गाण्याचं कौतुक केलं, की ते भांडायला उठतात. सास्तूरच्या पंचक्रोशीत भजनाला असा खडा आवाज दुसरा नाही, हे माझं एकट्याचं मत नाही. ज्यांना कान आहेत त्या सगळ्यांचं आहे. पण नानांच्या तोंडावर हे बोलायची सोय नाही. एका सप्ताहात निवेदकानं त्यांना 'मराठवाड्याचा कोकिळ' म्हटलं, तर नानांनी त्याच्या हातातला माईकच ओढून घेतला. "कोकिळ मुरुमला हाय. म्या कावळा. चला, टाळ उचला."

मुरुमचा कोकिळ म्हणजे गुंडप्पा. नानांच्याच वयाचे, मराठी आणि कानडी दोन्ही भजनं गाणारे. नानांचं निम्मं आयुष्य त्यांची जाहिरात करण्यात गेलं. कुणी भजनाचं आमंत्रण घेऊन आलं, की नाना त्याला चहा पाजायचे आणि गुंडप्पांचा फोन नंबर द्यायचे. "आदी त्याला इचारा. त्यो न्हाय म्हणला तर माझ्याकडं या." गुंडप्पा कशाला नाही म्हणतील? नानांच्या बायको गंगाकाकू एकदा वैतागून म्हणाल्या, "लोकाच्या नवऱ्याला बाईचा नाद आसतो, आमच्याला गुंडप्पाचा हाय!"

स्वतःचा घसा मात्र नाना फार जपतात. मे महिन्यातही गळ्याला मफलर. आमच्याकडं मिरच्या भाजायच्या असल्या, तर माझी बायको आधी भिंतीवरून विचारते, "नाना घरात हायेत का?" विसरली, की पलीकडून ओरड येते, "मास्तर, दोन सूर गेले की वो माझे!"

चक्रीभजनात गोल बसलेल्या गायकांची पाळी एकामागून एक फिरते. त्या गोलात गुंडप्पा असले, की नाना आपली पाळी आल्यावर टाळ कपाळाला लावायचे आणि पाळी पुढच्याला द्यायचे. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला एकदा लोकांनी सोडलंच नाही. घाबरून नानांनी सूर इतका वर धरला, की दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. गुंडप्पा काही बोलले नाहीत आणि नेमकं तेच नानांच्या जिव्हारी लागलं. "निदान चार शिव्या तरी द्यायच्या व्हत्या," हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यांना गुंडप्पांसमोर नीट गायचं होतं.

यंदा गुंडप्पांच्या घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "मास्तर, गाडी काढा."

मुरुमला गुंडप्पा बाजेवर बसले होते. गळ्याला पट्टी, मांडीवर नातीची पाटी. नानांना बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'म्हणा.'

नाना खाली बसले. टाळ घेतले. पाणी प्याले, परत प्याले. "आज घसा बसलाय, अप्पा. सोमवारी येतो."

घसा ठणठणीत होता. पहाटेच मी तो भिंतीपलीकडून ऐकला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. गुंडप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तळहातानं पाटी पुसली.

सोमवार उजाडायच्या आधीच ते गेले.

गुंडप्पांच्या मातीला चार गावची भजनी मंडळं आली होती. घरापासून रानापर्यंत नानांनी पाळी कुणालाही दिली नाही, एकटेच गायले. आवाज एकदाही चिरकला नाही. वीस वर्षं मी त्यांना ऐकतोय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. मी रडत होतो, लोक रडत होते. नाना मात्र कोरडेच.

येताना एका पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि कठड्यावर जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "नाना, शेवटी गायलात की त्यांच्यासमोर."

"न्हाय, मास्तर." त्यांचा तो खडा आवाज आता कसाबसा निघत होता. "त्यो समोर आसला की मला भ्या वाटतं. आज तोंड उघडलं आन भ्याच वाटलं न्हाय. तवा कळलं, गुंडप्पा गेला."