मुनीमला भेटायला

मला डेंग्यू झाला तेव्हा आधी डास आला आणि पाठोपाठ रंगनाथतात्या. डास निदान चावून निघून गेला.

तात्या आमचे शेजारी. मंठ्याच्या मोंढ्यात हयातभर धान्य तोलणारे मापाडी होते, आता घरी असतात, म्हणजे नसतात. गावात कुणी आजारी पडलं की तात्या भेटायला हजर. ओळख असलीच पाहिजे असं नाही. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात बिस्किटाचा पुडा. हा पुडा एकच आहे आणि तो या आजाऱ्याकडून त्या आजाऱ्याकडे फिरत शेवटी तात्यांकडेच परत येतो, असं गावात बोललं जातं. मला मिळाला त्याचे कोपरे चेपलेले होते, एवढंच मी सांगू शकते.

खाटेशेजारी बसून तात्या आधी आजाऱ्याला नजरेनं तोलतात. "तीन किलो उतरलीस, माय." मग आवाज खाली आणून, "आमच्या सोपानचं असंच झाल्तं."

आपण आशेनं विचारतो, "मग?"

"मंग काय. आठ दिसांत गेला." चहाचा घोट. "पर तू बिलकुल घाबरू नको."

स्पष्टच सांगते, भेटायला जाण्याची ही प्रथा म्हणजे आजाऱ्यावरचा अत्याचार आहे. त्याला झोप हवी असते, आपण त्याच्यापुढं सभा भरवतो. यावर मी पत्रक काढणार होते. आमच्या प्राणिमित्र गटाची मुक्या जनावरांवर चार पत्रकं निघाली आहेत, माणसांवर एक निघायला हरकत नव्हती. आई म्हणाली, "काढ. मंग तुझ्या मयताला बी कोणी येणार न्हाई." पत्रक राहिलं.

तात्यांना हे सुनावलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "औषध डॉक्टर देतो गं. उठवतं माणूस. कोणी आलंच न्हाई तर उठायचं कशापायी?"

तात्यांच्या घरात ते आणि एक पिवळा बोका. बायको वारल्याला बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला. बोक्याचं नाव मुनीम, कारण तो दिवसभर गादीवर बसतो आणि कुणाचं ऐकत नाही.

एका सकाळी तात्यांनी हाक मारली. एका हातात एरंडेलाची बाटली, दुसऱ्यात तापाची गोळी. "मुनीमचं पोट साफ होईना. घडीघडी मातीत जाऊन बसतंय, कळा देतंय, काही न्हाई. एरंडेल पाजतो, वर अर्धी गोळी देतो. दुखणं थांबंल."

"गोळी खाली ठेवा, तात्या. त्यानं मांजर मरतं."

"मी खातो की."

"तुम्ही मांजर नाही. माणसाची गोळी त्याला विष आहे, चतकोर दिली तरी."

"पर ते घुरघुर करून राह्यलंय. मजेत हाय."

मुनीम पाठीची कमान करून, मान खाली घालून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, कान बाजूला पडलेले. पोटाला हात लागताच तो असा ओरडला की तात्यांच्या हातून बाटली सुटली. "दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं," मी म्हणाले. "आणि याचं पोट नाही, लघवी अडलीय. बोक्यांची अडते. आत्ता निघालो तर वाचेल, उद्यावर टाकलं तर नाही. हे सगळं आमच्या पत्रकात आहे. तुम्हाला दिलं होतं."

"त्याच्यावर मी चिवडा खाल्ला," तात्या म्हणाले आणि चपला शोधू लागले.

जालन्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी वजन विचारलं. तात्या म्हणाले, "साडेचार किलो." डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं, चार भरले. "काटा बराबर न्हाई तुमचा," तात्या म्हणाले. डॉक्टरांनी आधी कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं, मग नळी घालून लघवी मोकळी केली आणि मुनीमला ठेवून घेतलं. घरी सोडताना बजावलं, की धोका टळलेला नाही, परत अडू शकते. दुखण्याचं औषध मापानं आणि वेळेवर. अंधारा कोपरा, खोकं, ऊब. उचलाउचल नको, गर्दी तर नकोच.

शेवटचं मी तात्यांना जरा चवीनं समजावलं. "भेटायला एकही माणूस नाही."

"एकबी?"

"एकबी नाही."

तात्यांनी ते अक्षरशः पाळलं. आतल्या खोलीत खोकं, त्यात जुनं धोतर. बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून औषध. आणि बाहेर ओट्यावर स्वतः, टोपी घालून. शेजारी स्टुलावर ताटलीत सहा कप पालथे.

"हे कशाला?"

"लोकं येतील ना. बाहेरच थोपवावं लागंल. च्या पाजून वापस लावून देतो."

कुणी आलं नाही. साऱ्या गल्लीला माहीत होतं. बोक्याला काय भेटायचं, म्हणून लोक हसले. ज्यांच्या खाटेशेजारी तात्या तासन्‌तास बसले होते, ते ओट्यासमोरून गाडीचा हॉर्न वाजवत गेले. तात्या रोज कप धुऊन पालथे घालत. "बरंच हाय," मला म्हणाले. "मुनीमला झोप भेटून राह्यली."

माझ्या मागणीप्रमाणे एका आजाऱ्याला विनात्रास विश्रांती मिळत होती.

चौथ्या दिवशी मी बिस्किटाचा पुडा घेऊन गेले. तात्या उठून दारात आडवे आले. "आत जाता येणार न्हाई. डॉक्टरनं मना केलंय."

"बाहेरच बसते. कसं काय झालं हो, तात्या?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग टोपी नीट केली आणि पहिल्यापासून सुरू केलं. एरंडेल, गोळी, काटा. "मंग शेजारची एक पोरगी आली. लई तोंडाळ. पर तिनं बराबर वळखलं." मी हुंकार देत राहिले. सांगून झाल्यावर ते आतल्या खोलीकडं कान देऊन बसले.

मी आवाज खाली आणला. "आमच्या गटातल्या एका बोक्याचं असंच झाल्तं."

आमच्या गटात बोका नाही.

तात्यांचा हात गुडघ्यावर थांबला. "मंग?"

"मंग काय. आठ दिवसांत शेपटी ताठ करून गल्लीभर हिंडायला लागला."

स्टुलावरच्या ताटलीतला एक कप तात्यांनी उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि सुलटा ठेवला.