टाकीत नेमकं किती मावतं

माझ्यासमोर कुठलीही टाकी उभी करा, तिच्यात किती तेल आहे ते मी सांगतो. ही फुशारकी नाही, नोकरी आहे. कुवेतमधल्या शुऐबाला बंदराजवळ तेलाच्या ज्या अवाढव्य टाक्या आहेत, त्यांच्या माथ्यावर चढायचं, टोकाला पितळी वजन लावलेली पोलादी पट्टी आत सोडायची आणि आतलं तेल मोजायचं, हे मी चौदा वर्षं करतोय. एकेका टाकीत आमच्या मंगफच्या अख्ख्या बिल्डिंगची वर्षभराची आंघोळ होईल. अजय टेंब्यांचा आकडा चुकला, असं आजवर एकाही जहाजाच्या कप्तानाने म्हटलेलं नाही.

म्हणूनच त्या मंगळवारी पेट्रोलपंपावर जे झालं ते मला फार लागलं.

माझी गाडी छोटी आहे. कुवेतच्या रस्त्यावर छोटी गाडी म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीत शिरलेली शेळी. इथे पेट्रोल इतकं स्वस्त की गाडी किती ॲव्हरेज देते हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब ठेवून आहे. सकाळी मोकळ्या रस्त्याने शुऐबाला गेलो तर लिटरला सतरा किलोमीटर, फहाहीलच्या सिग्नलांमधून तेरा, आणि जुलैत एसी पूर्ण सोडला की अकरा. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की टाकी पस्तीस लिटरची. त्या मंगळवारी पेट्रोल संपत आल्याचा दिवा नुकताच लागला होता, म्हणजे आत निदान पाच लिटर शिल्लक असणार. पंपवाल्याने टाकी भरली आणि मशीनवर आकडा आला तेहेतीस पूर्णांक आठ.

पाच आणि तेहेतीस किती होतात हे तुम्हीही सांगाल. पस्तीसच्या टाकीत ते मावलं कुठे?

मी पंपवाल्याला म्हटलं की तुमचं मशीन चुकतंय. त्याने शांतपणे मशीनवरचं तपासणीचं सील दाखवलं. मागे तीन मोठ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी निघालो, पण डोक्यात तो आकडा रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे मुझफ्फरला सांगितलं. मुझफ्फर आमच्या वर्कशॉपमध्ये असतो. मूळचा श्रीवर्धनचा, आणि इंजिनाशी माणसाशी बोलावं तसं बोलणारा. तो म्हणाला की पुस्तकातला आकडा कंपनीने हात राखून लिहिलेला असतो. टाकीची मान असते, वरती हवेला ठेवलेली जागा असते, काठोकाठ भरलं तर बरंच जास्त मावतं. मी विचारलं, म्हणजे नेमकं किती?

"ते तू सांगायचंस, अजयभाई," तो म्हणाला. "टाकीवाला तू."

चहाच्या खोलीत सात माणसं होती. सातही हसली.

त्याच क्षणी मी ठरवलं. टाकी खरीखुरी रिकामी करायची, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, आणि मग पंपावर काठोकाठ भरून आकडा घ्यायचा. दुसरा शास्त्रशुद्ध मार्ग नाही. मुझफ्फरने बजावलं की असं केलं तर पेट्रोल ओढणारा आतला पंप जळेल. मी ते ऐकलं, पण सल्ला म्हणून नाही, नाउमेद करणारी कुजबुज म्हणून.

त्या दिवशी भरलेली टाकी दोन आठवड्यांनी तळाला येणार होती, तेव्हाचा शुक्रवार नक्की केला. सुट्टीचा दिवस, रस्ते मोकळे, फेब्रुवारीची सुरेख हवा, एसीची भानगड नाही. योजना अशी की आमच्या बिल्डिंगजवळच्या पंपाभोवतीच घिरट्या घालायच्या, म्हणजे गाडी कुठेही बंद पडली तरी ढकलत पंपावर नेता येईल.

लीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी यातलं थोडंच सांगितलं. तिचाही तो शुक्रवार मोठा होता. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम साल्मियाला एका हॉलमध्ये अकरा वाजता होता, आणि दरवेळी हॉटेलातून येणाऱ्या खाण्याऐवजी यंदा कमिटीने पहिल्यांदाच लीनाला दीडशे बटाटेवडे सांगितले होते. ती पहाटे चारपासून तळत होती. तिने मला एवढंच बजावलं होतं की साडेनऊला गाडी दारात हवी. मी हो म्हटलं होतं. साडेनऊपर्यंत गाडी बंद पडून, भरून, आकडा घेऊन मी आरामात परत येणार होतो.

आमची मुलगी अक्षरा तेरा वर्षांची. तिने दात घासता घासता माझी योजना ऐकली आणि विचारलं, "बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट गूगल इट?"

मी तिला सांगितलं की काही गोष्टी माणसाने स्वतः मोजायच्या असतात.

सात वाजता मी निघालो. उरलेलं अंतर दाखवणारा आकडा शून्यावर होता. पंपावरून डावीकडे, बेकरीवरून डावीकडे, मशिदीवरून डावीकडे, शाळेवरून डावीकडे, पुन्हा पंप. एका फेरीला सव्वा किलोमीटर. पहिल्या दहा फेऱ्या मी प्रत्येक वळणावर श्वास रोखून धरला. गाडी चालत राहिली. विसाव्या फेरीला बेकरीवाल्याने हात केला. पंचविसाव्या फेरीला आमच्या बिल्डिंगचा इजिप्शियन वॉचमन रस्त्यात येऊन उभा राहिला आणि काय हरवलंय, मीही शोधू का, असं विचारू लागला. गाडी चालतच होती. दिवा लागलेला, काटा तळाला टेकलेला, आणि इंजिन असं गुणगुणत होतं जसं काही नुकतंच जेवून उठलंय.

तिसाव्या फेरीच्या सुमारास पोलिसांच्या गाडीने मला बाजूला घेतलं. तरुण पोलीस होता. सिव्हिल आयडी पाहून त्याने विचारलं की तू दोन तास इथे गोल गोल का फिरतोयस. मी खरं सांगितलं की पेट्रोल संपायची वाट बघतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वीस पावलांवरच्या पेट्रोलपंपाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. आयडी परत देताना तो फक्त एवढंच म्हणाला की घरी जाऊन झोप.

साडेनऊला लीनाचा फोन आला. तोवर त्रेचाळीस किलोमीटर झाले होते आणि गाडी बंद पडलेली नव्हती.

दारात लीना नेसून तयार उभी होती. शेजारी वड्यांचे चार मोठे ट्रे, चटणीचे दोन डबे आणि अक्षरा. ट्रे मागच्या सीटवर लावले, अक्षरा त्यांच्या पलीकडे कोपऱ्यात बसली. लीनाने डॅशबोर्डवरचा दिवा पाहिला आणि आधी पेट्रोल भरून घे म्हणाली.

इथे मी चुकलो. पंप समोर होता. पण आत्ता भरलं असतं तर सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. टाकीत अजून थोडं होतं, ते किती हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि येणारा आकडा खोटा ठरला असता. शिवाय जी गाडी बंद पाडायचा अडीच तास प्रयत्न करूनही पडत नाही, ती पंचवीस किलोमीटरवरच्या साल्मियासाठी नेमकी पडेल कशाला, असं मला मनापासून वाटत होतं. मी म्हटलं, पुरेल.

लीना माझ्याकडे बघत म्हणाली, "तू मोजून सांगतोयस की असंच?"

"मोजून," मी म्हणालो. चौदा वर्षांच्या नोकरीतला माझा पहिला खोटा आकडा.

चौदा किलोमीटर ठीक गेले. मग एक्स्प्रेसवेवर, पुढचा पंप डोळ्यांना दिसत असताना, गाडीला एक उचकी लागली, मग दुसरी, आणि ती अगदी सभ्यपणे मंद होत गेली. मी तिला कडेला घेतलं आणि ती थांबली. आणि मी, लाज वाटते पण सांगतो, आनंदाने स्टिअरिंगवर हात आपटून ओरडलो, "पडली!"

शेजारी लीना होती. मागे दीडशे वडे होते. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सत्तावन्न हा किलोमीटरचा आकडा तळहातावर लिहून घेतला आणि तिला समजावलं की पंप जेमतेम आठशे मीटरवर आहे, मी ढकलतो, तू फक्त स्टिअरिंग धर. तिने पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे येऊन बसली. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी मागे जाऊन खांदा लावला.

पन्नास पावलं गेलो असेन, तोच मागून एक प्रचंड पांढरी गाडी येऊन दिवे लुकलुकवत थांबली. तिच्यातून साठीचे एक धिप्पाड कुवेती गृहस्थ उतरले. अंगात पायघोळ दिशदाशा, डोक्याला लाल चौकडीचा रुमाल, आणि आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. बू यासिर असं त्यांनी नाव सांगितलं. ते वाळवंटातल्या आपल्या तंबूकडे निघाले होते आणि तिथल्या जनरेटरसाठी मागे पेट्रोलचे कॅन होते. पेट्रोल संपलंय म्हटल्यावर त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, एक कॅन काढला आणि नरसाळं लावलं.

मी जिवाच्या आकांताने त्यांना अडवलं. माप न घेता एक थेंबही टाकीत जायला नको होता! माझं अरबी बाजारापुरतं. मी कॅनकडे बोट दाखवून विचारलं, "कम? कम लिटर?" कम म्हणजे किती, मग ते लिटर असोत की पैसे.

ते थबकले. त्यांचा चेहरा उतरला. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "ऐब." म्हणजे शरमेची गोष्ट आहे ही. त्यांना वाटलं, मी पैसे विचारतोय. वाटेत अडकलेल्या माणसाकडून, बायकामुलांसमोर, पेट्रोलचे पैसे! त्यांनी कॅन पूर्ण ओतला. मी पुन्हा विचारलं, कम. कॅन भरलेला होता की अर्धा, एवढंच मला हवं होतं. मी किती लिटर हे बोटांनी दाखवू लागलो. ते आणखी दुखावले. मी देण्याघेण्याची भाषा सोडत नाही म्हटल्यावर माझी समजूत घालायला त्यांनी दुसरा कॅन आणला आणि तोही ओतायला लागले. टाकी भरली. मान भरली. पेट्रोल उतू जाऊन माझ्या बुटावर आलं.

दुसऱ्या कॅनमध्ये निदान किती उरलंय ते तरी कळावं म्हणून मी तो हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला. त्यावर बू यासिर पहिल्यांदा हसले. आपल्याला अखेर उमगलं, अशा समाधानाने त्यांनी तो कॅन मला भेट देऊन टाकला आणि स्वतःच्या हाताने डिकीत ठेवला.

तेव्हा लीना खाली उतरली. वड्यांना पेट्रोलचा वास लागलेला तिला चालणार नव्हता. तिने कॅन बाहेर काढून नम्रपणे त्यांना परत केला, आणि वाईट वाटू नये म्हणून एका डब्यात दहा वडे आणि चटणी घालून दिली. त्यांनी उभ्या उभ्या दोन खाल्ले आणि आकाशाकडे बघून तिच्या हातांसाठी दुवा मागितली. मग अक्षराशी शाळेतल्या अरबीत बराच वेळ काहीतरी बोलले, माझा नंबर घेतला आणि धूळ उडवत निघून गेले.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. माझ्याइतका खचलेला माणूस त्या रस्त्याने क्वचितच गेला असेल.

हॉलवर अकरा वीसला पोचलो. मंडळाचा कार्यक्रम असल्यामुळे अजून माइकच लागलेला नव्हता. वडे पंधरा मिनिटांत संपले, दोन बायकांनी लीनाला रेसिपी विचारली आणि कमिटीने पुढच्या कार्यक्रमाचंही तिलाच सांगितलं. ती सगळ्यांशी हसून बोलत होती. माझ्याशी रविवारपर्यंत बोलली नाही. रविवारी बोलली तेव्हा तिने एकच विचारलं, की समजा आकडा मिळाला असता, तर त्याचं तू काय करणार होतास? मी विचार करून सांगतो म्हटलं. अजून करतोय.

ऑफिसात मुझफ्फरने आकडा विचारला. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, माझ्यासाठी चहा घेऊन आला. ते जास्त लागलं.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. बंदरावरचा भोंगा. बू यासिर अरबी आणि इंग्रजीची मोळी बांधून खूप काही बोलले. मला कळलं ते असं: त्या दिवशी रस्त्यावर अक्षराने त्यांना सगळं समजावलं होतं, की बाबा पैसे विचारत नव्हते, टाकी मोजत होते. हे तिने मला का सांगितलं नाही असं विचारल्यावर ती म्हणाली, "यू नेव्हर आस्क्ड." आणि तेव्हापासून बू यासिरना झोप नव्हती. आठ वर्षं ते ती पांढरी गाडी चालवत होते, आणि तिच्या टाकीत नेमकं किती मावतं हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्यांना आता सहन होत नव्हती. पुस्तकात एकशे अडतीस लिटर लिहिलंय म्हणे, पण पुस्तकावर विश्वास कोणी ठेवावा? तेव्हा शुक्रवारी सकाळी सहाला त्यांनी टाकी काठोकाठ भरून माझ्या दारात यायचं ठरवलं होतं. मी सोबत बसायचं. मुहंदिस शेजारी हवा.

मी मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, नाही हे सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला.

हे लिहितोय ते त्यांच्या गाडीत बसून. सकाळी सहाला निघालो, आता दुपारचे तीन वाजलेत. सौदीच्या सरहद्दीपर्यंत दोनदा जाऊन आलो, आता इराकच्या दिशेने चाललोय. काटा अजून अर्ध्यावर आहे.