इंजिनाखालचे तीन ठोकळे

कुलुपं-बिजागऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या आमच्या कुलूपशेठनी एका सकाळी आपल्या गाडीच्या इंजिनाखालचं रबर काढायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून घरात जी थरथर सुरू झाली ती काही थांबली नाही.

गोष्ट साधी. इंजिन तीन जाड रबरांवर बसतं. गॅरेजात त्यांना माउंटिंग म्हणतात. गाडी दामटली की इंजिन त्यांवर डुलतं आणि ऐन वळणावर गिअर रुसतो. हौशी रेसच्या 'घरची गाडी' वर्गात शेठ दोनदा शेवटून पहिले आले, ते या डुलण्यापायी. (असं शेठचं मत. गॅरेजवाल्याचं वेगळं होतं, पण चालतं गिऱ्हाईक कोण तोडतो?)

"शेठ, पण नियमात बसेल ना?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"नियम पाठ आहेत मला. माउंटिंगची जागा बदलायची नाही, संख्या बदलायची नाही. ती कशाची करायची, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी ठरवलं, ॲल्युमिनियम!"

रबराच्या जागी भरीव ठोकळे बसले. इंजिन पहाडासारखं स्थिर झालं. डुलायला लागली बाकीची गाडी. आरसा थरथरे, समोरचा कप्पा आपोआप उघडे, पेट्रोलचा काटा रिकामी ते भरलेली असा पंख्यासारखा फिरे. रेसच्या तपासनीसाने खाली वाकून पाहिलं.

"तीन ठोकळे, जागा मूळच्याच. पास! घरी कोण बसतं यात?"

"सासूबाई."

तपासनीसाने शेठकडे प्रथमच आदराने पाहिलं.

गाडी घरात एकच, आणि बायकोची अट रोखठोक होती : "आई एकदा जरी 'पाठ गेली' म्हणाली, तर तुमची रेस बंद. कायमची!"

गुरुवारी सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"जा-जा-जावईबापू, हे का-का-काय?"

"न-नवीन मा-माउंटिंग, सा-सासूबाई."

दवाखान्याच्या दारात शेठनी श्वास रोखला. सासूबाई उतरल्या, कमरेवर हात ठेवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ताठ उभ्या राहिल्या.

"डॉक्टर राहू द्या. आणखी एक चक्कर मारा!"

आता शेठना अडवणार कोण? शुक्रवारी त्यांनी रविवारच्या रेससाठी मोजून आठ लिटर पेट्रोल भरलं. (थेंबभर जास्त भरलं तर वजन वाढतं, हे ज्ञान त्यांनी स्वतःच मिळवलेलं.) शनिवारी ते दुकानात गेले. इकडे अंगणात बायकोने किल्ली फिरवली आणि सासूबाई चालू गाडीत जाऊन बसल्या. मग शेजारीण आली, मग तिची जाऊ, मग जिन्याखालच्या शिवणवाल्या बाई. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली ताठ झाली. शेठना कुणी सांगितलं नाही. गाडी जागची हललीच नव्हती, तर सांगायचं काय?

रविवारी पेट्रोलचा काटा नेहमीसारखा सगळीकडेच जात होता. शेठनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आपण मोजून भरलंय!

झेंडा पडला. गिअर लोण्यासारखा पडू लागला. पहिली फेरी शेठ पुढे, दुसरी फेरीही शेठच पुढे. मागे वळून हात करावा, असंही त्यांच्या मनात आलं. तिसऱ्या फेरीत इंजिनाला दोनदा ठसका लागला आणि सगळं शांत झालं. (इंजिन मात्र माउंटिंगवरून तसूभर हललं नाही.) मागचे सगळे हात करत पुढे गेले.

दोरीने ओढत गाडी घरी आली, तेव्हा दारात मायलेकी उभ्या होत्या.

"पुढच्या रविवारी पुन्हा रेस आहे," शेठ बायकोला म्हणाले. "या वेळी तर पहिला नंबर ठरलेलाच!"

"मला काय विचारता? आईला विचारा. गाडी आता रोज तिलाच हवी असते."

सासूबाईंनी जरा विचार केला.

"न्या की, मी कुठे नाही म्हणते? पण जावईबापू, दुसऱ्याची वस्तू नेली की जशी नेली तशी परत करावी. या वेळी पेट्रोल पार संपवून आणलंत!"