जावईबापूंचं टेंडर

मुलाची चौकशी आपण स्वतः करायची, असं मी ठरवलं आणि तिथेच माती खाल्ली.

तशी काही गरज नव्हती. आमची रोशनी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तिला कुरखेड्याकडच्या मुखरूभाऊंच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा धम्मदीप, नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, नोकरी क्रूझवर. क्रूझ म्हणजे हौशी लोकांना समुद्रात फिरवून आणणारं मोठं जहाज, एवढी माहिती मला होती. फोटो पसंत पडले होते. नात्यातल्या लोकांनी मुलाबद्दल चांगलंच सांगितलं होतं. पण मी अडून बसलो.

"रोशनीचे बाबा, पोरगी शिकलेली आहे," बायको म्हणाली. "तिलेच बोलू द्या. तुमी मधात नका पडू."

"नंदिनी, मी तीस वर्षं ऑफिसात काढली. माणूस मले आवाजावरून समजते."

(तीस वर्षांत मी आवाजावरून फक्त आमचा चहावाला ओळखू शकलो आहे, तेही त्याच्या कपांचा आवाज येतो म्हणून.)

शेवटी "पगार विचारायचा नाई, लाज जाते," असं बजावून तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

इथे माझ्या ऑफिसबद्दल थोडं सांगायला हवं. बांधकामाच्या एका ऑफिसात मी टेंडरच्या टेबलावर बसतो. भद्रावतीहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. एके काळी माझ्या टेबलाभोवती ठेकेदारांचा गराडा असायचा. लोक मला "हरिदासभाऊ, पाणी घेता का" असं विचारायचे. मग टेंडर ऑनलाईन झाली, हजेरीचं मस्टर गेलं, त्याच्या जागी अंगठ्याचं मशीन आलं, आणि त्या मशीनलाही माझा अंगठा सकाळी पसंत पडत नाही. आता माझ्या टेबलावर माशीसुद्धा बसते ती दुसऱ्या टेबलावर जागा नसली तरच.

तर फोन लागला. पलीकडे वारा इतका होता, की मुलगा धावत्या एसटीच्या खिडकीतून बोलतोय असं वाटत होतं. दर चार शब्दांमागे दोन गायब.

"जयभीम काका!"

"जयभीम, बेटा. काय काम असते तुमचं तिथी?"

"एरवी मी डाय..." घूं घूं घूं. "...पन मस्टर बी माह्याकडंच आहे."

मी खुर्चीत सरळ बसलो. मस्टर! ज्याच्याकडे मस्टर, त्याला साहेबसुद्धा आधी नमस्कार करतो.

"किती लोकायचं मस्टर?"

"पूर्ण जहाजाचं तीन हजाराच्या वर जाते काका. माह्याकडं दीडेकशे येतात. सगळे आल्याशिवाय आपन कोनाले हलू देत नाई."

काय ही शिस्त! आमच्याकडे चाळीस माणसं, आणि साडेअकरापर्यंत त्यातली निम्मी 'आत्ताच इथे होती'.

"आनखी?"

"आनखी टेंडर. आज बी टेंडर आहे, उद्या बी टेंडर. पहाटेपासून लोक लाईन लावतात."

"टेंडर तुमीच भरून घेता?"

"हो. भरलं का सोडून द्यायचं. काही लोक आपला नंबर आधी लागावा म्हनून नोटा दाखवतात, पन आपन घेत नाई."

"शाबास! राहाले?"

"कॅबिन आहे न."

"स्वतःची कॅबिन?" (मला तीस वर्षांत पार्टिशनसुद्धा मिळालं नाही.)

"हो. खिडकी नाई फक्त." म्हणजे एसी. मी मनात टिपून घेतलं.

"आनि ग्रॅच्युइटी दर महिन्याले वाटून भेटते," असं तो म्हणाला आणि फोन कटला.

दर महिन्याला ग्रॅच्युइटी! आम्हाला ती रिटायर झाल्यावर मिळते, आणि तोपर्यंत मोजायला नजर राहत नाही. मी कितीतरी वेळ फोन छातीशी धरून बसलो. आपलं हरवलेलं ऑफिस, ते मस्टर, ती लाईन, तो रुबाब, सगळं कुठेतरी समुद्रावर तरंगत होतं आणि आपला जावई तिथे मुख्य होता!

रोशनी ड्यूटीवरून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"बाबा, तिथी टेंडर म्हंजे..."

"थांब. टेंडर म्हंजे काय हे तू मले शिकवशीन?"

तिने खांदे उडवले आणि ती आंघोळीला गेली. तिचा स्वभाव तिच्या आईवर गेलाय. एकदा सांगून पाहते, मग माणसाला त्याच्या नशिबावर सोडते.

दुसऱ्या दिवशी एसटीत आमच्याच गल्लीतले भैयाजी शेजारी बसले. भैयाजी छोटे ठेकेदार आहेत. नाल्या, ओढ्यावरचे रपटे, समाजमंदिराचं कंपाउंड, असली कामं करतात. गेल्या तीन टेंडरांत हरल्यामुळे ते खिडकीबाहेर बघत उसासे टाकत होते. त्यांचं मन रमवावं म्हणून मी म्हणालो,

"भैयाजी, कोनाले सांगू नका, पन आमचे होनारे जावई टेंडर काढतात. दररोज."

उसासा अर्ध्यावर थांबला. "कुठी?"

"समुद्रात."

"मोठं काम दिसते."

"मोठं म्हंजे? पहाटेपासून लाईन."

त्या संध्याकाळी भैयाजी आमच्या घरी चिन्नोर तांदळाची चुंगडी (म्हणजे लहान पोतं) आणि पेढ्याचा डबा घेऊन आले. "पोरीच्या लग्नाले माह्याकडून," असं म्हणाले. मग आवाज खाली आणून, "समुद्रात नाली नसन, हे मले बी समजते. पन धक्का, कंपाउंड, काही त बांधा लागत असन न?"

मी "पाहू" म्हणालो. हा शब्द मी कित्येक वर्षांनी वापरला, आणि काय गोड लागला म्हणून सांगू! त्या आठवड्यात एसटीत लोकांनी उठून मला जागा दिली. पानवाल्याने सुपारी जास्त टाकली. आणखी दोन ठेकेदारांनी मला वाकून नमस्कार केला. मी सगळ्यांना "पाहू" म्हणत गेलो.

नंदिनी तेवढी चुंगडीकडे बघून म्हणाली, "हे काऊन घेतलं?"

"प्रेमानं देऊन राह्यला तो."

"मागच्या तीस वर्षांत त्याचं प्रेम कुठी होतं?"

मी पेपर वाचायला घेतला.

पुढच्या महिन्यात धम्मदीप सुटीवर आला आणि मुखरूभाऊ त्याला आणि त्याच्या आईला, बायनाबाईंना, घेऊन आमच्याकडे आले. मुखरूभाऊ धानाची शेती करणारे, पांढऱ्या मिशांचे, ताठ गृहस्थ. पण आल्यापासून त्यांचा चेहरा आवळलेला. पाणी घेतलं नाही, पोह्यांना हात लावला नाही. मला वाटलं, गाडी लागली असेल.

धम्मदीप मात्र चांगला हसरा होता. मी विषय काढणार तोच दारात भैयाजी उभे! पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळावर घाम, हातात बंद लिफाफा. त्यांना पाहुणे येणार असल्याचं कोणी सांगितलं? (मीच. एसटीत.)

भैयाजी थेट धम्मदीपसमोर बसले. "साहेब, एकच विचारतो. टेंडर कवा निघते?"

धम्मदीप म्हणाला, "दर पंधरा मिनिटाले एक सुटते, भाऊ."

भैयाजींनी खुर्चीचा हात धरला. "पंधरा मिनिटाले? आनि भराले काय लागते?"

"काही नाई. कार्ड असलं का झालं. म्हाताऱ्या मानसाले हात धरून बसवा लागते."

"अनामत रक्कम?"

"ते काय?"

अनामत रक्कम माहीतच नाही! भैयाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका टेंडरात मानसं किती घेता?"

"शंभर. मोठं असलं त सव्वाशे."

"सव्वाशे भागीदार?" भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जाणकारासारखी मान हलवली. "आनि पावसापान्याचं?"

"वारा वाढला का कॅन्सल."

"हे इथी बी तसंच आहे. पन साहेब, खरं सांगा, डुबते का?"

"आमचं आजवर एक बी नाई डुबलं."

"माहे तीन डुबले!" भैयाजी कळवळून म्हणाले आणि त्यांनी लिफाफा धम्मदीपच्या मांडीवर ठेवला.

मुखरूभाऊ उठून उभे राहिले. एवढा मोठा माणूस एकदम उभा राहिला की खोली लहान होते.

"मंजे खरंच आहे हे! आमच्या गावापर्यंत फोन आले मले. 'तुमचा पोरगा टेंडराचे किती घेते?' म्हनून विचारत होते. मी म्हनलं, कोनी दुश्मन असन. हरिदासभाऊ, हे तुमी पसरवलं?"

"अहो, मी त कौतुक..."

"माहा पोरगा जहाजावर लोकायले जेवन वाढते. इमानदारीनं वाढते. त्याले पाकीट देऊन राह्यले तुमी? चाल रे धम्मदीप. धम्मदीपची माय, ऊठ."

बायनाबाई उठल्या. धम्मदीप लिफाफा हातात धरून एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात रोशनी उभी होती. मस्करी करणारी माझी पोरगी ओठ दाबून उभी होती, लहानपणी खेळणं फुटल्यावर उभी राहायची तशी. आणि या वेळी ते मी फोडलं होतं.

मी हात जोडले. "मुखरूभाऊ, चूक माही आहे. पोराची नाई. काय चूक झाली ते मले अजून समजलं नाई, पन माहीच आहे."

रोशनी पुढे आली. तिने धम्मदीपच्या हातातला लिफाफा घेतला, भैयाजींना परत दिला आणि म्हणाली, "बाबा, टेंडर म्हंजे बोट."

"बोट?"

"मोठं जहाज जिथी किनाऱ्याले लागू शकत नाई, तिथी लोकायले छोट्या बोटीत बसवून काठावर नेतात. त्या बोटीले टेंडर म्हनतात. हे लोकायले तिच्यात बसवतात."

"आनि मस्टर?" मी विचारलं. आवाज बराच बारीक निघाला.

"जहाजाले धोका झाला त कोनी कुठी जमायचं, त्याची कवायत," धम्मदीप म्हणाला. "माह्या जागेवर दीडशे लोक जमतात. मी मोजतो."

"ग्रॅच्युइटी?"

"टीप, काका. बक्षिशी."

"कॅबिन?"

"झोपाची खोली. दोघांत एक. माहा पलंग वरचा आहे."

मग अचानक बायनाबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "अगं माय! मंजे डोंगा! माह्या बहिनीले भामरागडकडं दिली, तिथी पावसाळ्यात डोंग्यातूनच जा लागते. त्यासाठी हा बिचारा लिफाफा घेऊन आला?"

मुखरूभाऊंची मिशी हलली. ती हसण्यासाठी हलली की रागाने, ते कळत नव्हतं. तेवढ्यात धम्मदीप म्हणाला, "बाबा, एक सांगू? याच्या आधी तीन ठिकानी आपन गेलो. तिन्ही ठिकानी पहिला प्रश्न पगाराचा होता. या काकांनी विचारलाच नाई."

(बायकोने बजावलं होतं म्हणून. पण हे मी तिथे बोललो नाही. नंदिनीही बोलली नाही, यावरून तिचं मन किती मोठं आहे ते दिसतं.)

मुखरूभाऊ सावकाश बसले. "पोरीचं काय म्हननं आहे?"

रोशनी म्हणाली, "आमी तीन महिन्यांपासून बोलून राह्यलो. ठरलं होतंच. बाबांची चौकशी तेवढी बाकी होती."

मुखरूभाऊंनी पोह्यांची प्लेट जवळ ओढली. भैयाजी खाली मान घालून निघाले. दारातली तांदळाची चुंगडी त्यांनी उचलली, हातात तोलली, आणि थांबले.

"हलकी लागून राह्यली."

नंदिनी म्हणाली, "आजच्या मसालेभाताले घेतला थोडा. बसा भैयाजी, जेवूनच जा."

आणि भैयाजी खरंच जेवून गेले. दोनदा भात घेतला.

लग्न चंद्रपूरला झालं. बोलणी सगळी नंदिनी आणि बायनाबाईंनी केली. माझ्याकडे फक्त मांडवात उभं राहून हसण्याचं काम होतं आणि ते मी मनापासून केलं. धम्मदीपचा जहाजावरचा एक मित्र थेट मालवणहून आला होता. भला मुलगा. जेवताना माझ्या शेजारी बसला आणि आदराने विचारू लागला,

"काका, तुम्ही काय करता?"

सगळे व्याही, पाहुणे ऐकत होते. म्हटलं, आता काय लपवायचं? मी छाती पुढे काढली. "मी तीस वर्षांपासून टेंडरवर आहे."

त्याचा हातातला घास थांबला. "तीस वर्षं? टेंडरवर? बाप रे! मग पोहायला एकदम पक्के असाल!"

"छे! मला कुठे पोहता येतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पोहता येत नाही? मग तुम्हाला कामावर ठेवलं कसं?"

तेवढ्यात जिलेबी वाढायला आलेली नंदिनी माझ्या पानाजवळ थांबली आणि म्हणाली, "सांगा न त्याले. माहे बाबा बी लग्नापासून हेच विचारून राह्यले."