सायखेड्याची नमुना कॅसेट

आवाज म्हणजे आपला! सायखेड्यात लग्न असो की कुस्त्या, माइक माझ्याच हातात. त्यामुळे २००७ साली ‘सरकार गावोगावी छोटी रेडिओ केंद्रं काढणार’ अशी बातमी आली, तेव्हा मी बायकोला सांगूनच टाकलं, “आशा, सोसायटीतली कारकुनी आता संपली समज. तुझा नवरा रेडिओवर निवेदक होणार!”

“आधी दळण आणा,” आशा म्हणाली.

नाशिकच्या समितीनं गावांकडून तीस मिनिटांची नमुना कॅसेट मागवली होती. पसंत पडली तर केंद्र गावाला आणि नोकरी माझ्या आवाजाला! अर्ज सरपंच मल्हारीअण्णांच्या नावानं गेला. विषय ठरला कांद्याची साठवण. बोलणार होते यादवमामा, ज्यांच्या कांदाचाळीतला उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत सडत नाही.

शाळेच्या खोलीत मी टेप चालू केला. “नमस्कार! आज आपल्यासोबत आहेत यादवमामा...”

“थांब!” अण्णा गरजले. “असं एकदम? गावातले मान्यवर काय मेले का?”

झालं! सरपंचांचं नाव घेतलं की उपसरपंचांचं आलं. त्यांचं घेतलं की सोसायटीचे चेअरमन आले. दाराशी उभ्या पुंजाभाऊंचं तोंड उतरलं. “आमचं नाव कशाला घेशील बाबा! आम्ही नुसता गणपतीला मांडव देतो.” घेतलं! खिडकीतून धोंडाबाई ओरडल्या, “बचत गटाच्या बायका बी हायेत म्हणावं इथं!” त्याही घेतल्या. बघता बघता बाहेर रेशनच्या दुकानासारखी रांग लागली. जो तो चिठ्ठी पुढे करतोय! आमच्याकडे लग्नात एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं, तर तो न जेवता उठतो आणि तीन वर्षं आपल्या दारात पाय ठेवत नाही. मग सोडता कोणाला? वारलेले दोन माजी सरपंचसुद्धा मी सन्मानानं घेतले!

मामांनी चौथ्यांदा घसा खाकरला.

“तर मामा, कांदा टिकवायचा कसा?”

“त्याचं असं हाय...” मामा म्हणाले, आणि खट्! कॅसेट संपली.

“अण्णा, पुसून परत करू या,” मी रडकुंडीला आलो.

“खबरदार! एवढी नावं पुसलीस तर गावात राहशील का?”

उद्या शेवटची तारीख. कॅसेट तशीच गेली.

महिन्याभरानं पत्र आलं. केंद्र दुसऱ्या गावाला मिळालं होतं. पण खाली लिहिलं होतं, ‘निवेदकाचा आवाज उत्कृष्ट असून सदर केंद्रास निवेदक हवा आहे. कॅसेटमध्ये निवेदकाचे नाव आढळले नाही. सबब अर्जदार श्री. मल्हारी यांनी आवाज-चाचणीस हजर राहावे.’

“अण्णा, अहो आवाज माझा आहे!”

“आरं, पण कागदावर नाव कोणाचं हाय?” अण्णांनी कपाटातून कडक इस्त्रीचा सदरा काढलासुद्धा!

निघायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर अण्णांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. सूत्रसंचालन अर्थातच माझं! पुन्हा सगळे मान्यवर घेतले. कोणी राहिलं नाही. टाळ्या काय पडल्या म्हणता!

घरी आलो तर आशा दारातच उभी. “आज तरी माइकवर स्वतःचं नाव सांगितलंत का?”

मी गुपचूप दळणाचा डबा उचलला. काय करणार, सवयच नाही हो! आता हेच बघा ना, एवढी कथा सांगितली, सगळ्यांची नावं घेतली, आणि तुम्हालाही माझं सांगायचं राहिलंच की!