अकरा मिनिटांची खुर्ची

"काका, तुमची त्या वेळची वही आहे का हो? साहेबांनीच विचारायला सांगितलंय," एका मुलीने फोनवर म्हटलं आणि कात्रीकाकांच्या मनात पाल चुकचुकली.

काका निवृत्त संकलक. दिग्दर्शकसाहेबांच्या प्रत्येक सिनेमावर त्यांचीच कात्री चाललेली, आणि आता ही मुलगी साहेबांवर माहितीपट काढत होती. साहेबांच्या एका सिनेमात अकरा मिनिटं नुसती रिकामी खुर्ची दिसते. पहिल्याच खेळाला लोकांनी पडद्यावर चपला फेकल्या, पुढे खटला झाला, मग परदेशात बक्षीस. खुर्ची म्हणजे मृत्यू, असं एक विद्वान म्हणे. दुसरा म्हणे, सत्ता. काकांना खरं ठाऊक होतं. टाकून द्यायचं रीळ त्यांनी चुकून जोडलं होतं. वहीत त्यांच्याच अक्षरात होतं : 'रीळ चौदा, बाद.'

साहेबांना कळलं असेल? तीस वर्षांची मैत्री आता कॅमेऱ्यासमोर मोडणार?

काकांनी वही पिठाच्या डब्यात खुपसली. तासाभरात काकू समोर उभ्या, एक हात कमरेवर, दुसऱ्यात पिठाने माखलेली वही.

"कुणाची पत्रं लपवलीत?"

"अगं, हळू! कामाची वही आहे."

"कामाची वही पिठात? या वयात?"

तेवढ्यात दारात मुलगी, कॅमेरा आणि खुद्द साहेब. काकांनी वही हिसकावून सदऱ्याखाली कोंबली. मुलाखत सुरू झाली, आणि काका हलले की पायाशी पीठ सांडू लागलं. साहेब टक लावून बघत होते.

"पोटाशी काय धरलंयस रे?"

काकांचा धीर सुटला. वही पुढे करून ते म्हणाले, "साहेब, चुकलो. ते रीळ बाद होतं."

"माहीत आहे," साहेब पुटपुटले. "पहिल्याच खेळाला तुझ्या नावाने ओरडणार होतो. तेवढ्यात चपला आल्या. शेजारी बघतो तर एक बाई खुर्चीकडे बघून ढसाढसा रडत होती. म्हटलं, राहू दे. पण तू ही वही कधी कुणाला दाखवशील या धास्तीने तीस वर्षं झोप नाही मला. म्हणून तर हिला विचारायला लावलं, वही आहे की गेली."

"आणि मला तुमच्या धास्तीने!"

मुलीने कॅमेरा बंद केला. "आजोबा मंडळी, त्या खुर्चीवर सात विद्वान बोलून झालेत माझ्याकडे. काकू, तो डबा कुठाय?"

काकूंनी वही पुन्हा पिठात पुरली आणि झाकण घट्ट लावलं. कॅमेरा परत सुरू झाला.

"तर मग, खुर्ची म्हणजे काय?"

"मृत्यू," काका म्हणाले.

"सत्ता," साहेब त्याच क्षणी म्हणाले.

आणि दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं.